परदेशात जाऊन पायपीट कशाला?

"एवढा खर्च करून परदेशात जाता आणि दिवसभर पायीच हिंडता? तिकडे बस-ट्राम नसतात का?" हे मला नेहमी ऐकावं लागतं. तुम्हीही विचारलंत म्हणून लिस्बनमधल्या एका दिवसाचं सांगते.

ट्राम असते की. २८ नंबरची तर नको तितकी प्रसिद्ध आहे. पण तिच्यात उभं राहायला जागा मिळाली तरी दिसते ती पुढच्या माणसाच्या पाठीवरची सॅक.

सकाळी तेजो नदीकाठच्या मोठ्या चौकातून निघाले. इथे पूर्वी राजवाडा होता. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मागोमाग आलेल्या लाटांत आणि आगीत तो गेला, आणि आजूबाजूचा सखल भागही. मग राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल याने हा बाइशा भाग नव्याने आखून घेतला. सरळसोट, काटकोनात कापणारे रस्ते आणि सारख्या उंचीच्या इमारती. त्यांच्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा सांगाडा, म्हणजे पुन्हा धक्का बसलाच तर इमारत डोलेल, पण कोसळणार नाही. चालायला एकदम सोपा भाग. खरं सांगायचं तर थोडा कंटाळवाणाही.

वर कार्मोचा मठ आहे. त्याच्या चर्चचं छप्पर त्या भूकंपात पडलं ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी आणि वर आभाळ.

तिथून उतरून पलीकडच्या टेकडीवर आल्फामात शिरलं की रस्ता सरळ जायचं नावच घेत नाही. गल्ली वळते, मध्येच पायऱ्या होते, कुणाच्या तरी दारात जाऊन संपते. भूकंपातून बराचसा वाचलेला हा जुना भाग. म्हणजे शहराचं काय गेलं आणि काय उरलं, ते पोटऱ्याच सांगतात!

एका वळणावर फुटपाथची दुरुस्ती चालली होती. कामगार खाली बसून चुनखडीचा मूठभर दगड तळहातावर धरायचा, छोट्या हातोडीने त्याची एक कड उडवायचा, खळग्यात बसवून बघायचा. नाही बसला की परत उचलायचा. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. बसमधून हे दिसलंही असतं, पण थांबता आलं नसतं.

गुडघे कुरकुरत असतील तर उलटं करा. वाहनाने आल्फामाच्या वरच्या किल्ल्यापर्यंत चढा आणि आल्फामातून चालत खाली या. पाऊस असेल तर मात्र तेही नको; ते गुळगुळीत दगड ओले झाले की भलतेच निसरडे होतात.