पलटण, रिसाला आणि बाना टॉप

आमच्या हिंगोलीत नवीन माणूस आला की इथल्या भागांची नावं ऐकून त्याला गंमत वाटते. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा. आता पलटण नाही, रिसाल्यात घोडा नाही, तोफ तर आमच्या पिढीत कुणी बघितली पण नाही, तरी ऑटोवाला विचारणारच, रिसाल्यात कुठं उतरायचंय म्हणून. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि खर्च निजामाच्या माथी, तिच्या छावण्या हिंगोलीत, औरंगाबादला, मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजांनी आपल्या मोठ्या सैन्यात मिसळून टाकली. फौज गेली, नावं राहिली, ती टिकवायला कुणी बोर्ड लावला नाही की निवेदन दिलं नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे काका. आमचे काका आर्टिलरीतून रिटायर झालेले, आणि त्यांच्या माजी सैनिक मंडळींत सध्या वाद चालू आहे की लष्कराच्या जागेला माणसाचं नाव द्यावं का, द्यायचं तर कुणाचं, आणि जिवंत माणसाचं दिलेलं चालतं का. शेवटच्या मुद्द्यावर तर लईच गरम होतात. एक जण म्हणायले, जिवंतपणी नाव देणं म्हणजे अपशकुन. दुसरे म्हणले, मेल्यावर देऊन त्याला काय कळणार.

मी दुसऱ्यांच्या बाजूनं आहे.

पानागढचंच बघा. पश्चिम बंगालमधला हवाई दलाचा तळ, दुसऱ्या महायुद्धातला. १५ एप्रिल २०१६ ला, मार्शल अर्जन सिंग यांच्या ९७ व्या वाढदिवसाला, त्याला त्यांचं नाव दिलं. हवाई दलाच्या तळाला जिवंत माणसाचं नाव द्यायची ती पहिलीच वेळ. हे तेच, १९६५ च्या लढाईत हवाई दलाचे प्रमुख होते, आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षण मंत्री, त्यांनी विचारलं विमानं किती वेळात उडतील, तर म्हणले एका तासात, आणि तासाच्या आत उडाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ते गेले. म्हणजे दीड वर्षसुद्धा नाही मिळालं, पण मिळालं तरी! आता खरं सांगायचं तर बातम्यांत अजूनही बरेचदा नुसतं पानागढच वाचायला मिळतं, तो भाग वेगळा, आणि त्यावरूनच माझा पुढचा मुद्दा आहे.

काका सियाचीनला राहून आलेत. ते बोलताना सारखं म्हणतात, "कुमारला होतो", "कुमारवरून सामान यायचं", "कुमारला वायरलेस लावला". मला लहानपणी वाटायचं कुमार म्हणजे त्यांचा मित्र आहे कोणीतरी. नंतर कळलं ती ग्लेशियरवरची जागा आहे, कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नावाची. बुल कुमार म्हणायचे त्यांना. हिमदंशानं पायाची बोटं गेलेला हा माणूस १९७८ ला आणि परत १९८१ ला सियाचीनवर मोहिमा घेऊन गेला, फोटो आणि नकाशे घेऊन आला, आणि १३ एप्रिल १९८४ ला सियाचीन ताब्यात घ्यायचं ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हा ती माहिती कामाला आली. नाव दिलं तेव्हा ते चांगले हयात होते, गेले ते २०२० च्या ३१ डिसेंबरला. काका म्हणले, "मला आधी वाटायचं कुणी शहीद असतील, मग आमच्या सुभेदारांनी सांगितलं, अरे साहेब रिटायर होऊन घरी हायेत." आणि त्या बर्फात रोज शंभर वेळा पोरांच्या तोंडी त्यांचं नाव. रॉकेल आलं का कुमारवरून, चिठ्ठी आली का कुमारवरून. याला मी सन्मान म्हणतो.

आणि बाना टॉप. याची गोष्ट काकांकडून कितीदा ऐकली तरी मी परत सांगायला लावतो. सियाचीनच्या भागात एकवीस हजार फुटांच्या आसपास पाकिस्तानची चौकी होती, नाव कायद, म्हणजे थेट कायद-ए-आझम जिनांच्या नावावर. तिथून आपली ठाणी त्यांना दिसायची आणि गोळीबार व्हायचा. मे १९८७ मध्ये सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे टेहळणीला वर गेले आणि मारले गेले, म्हणून मग चौकी घ्यायच्या मोहिमेला नावच दिलं ऑपरेशन राजीव. आधीचे प्रयत्न फसले. २६ जून १९८७ ला आठव्या जॅक लायचे, म्हणजे जम्मू अँड काश्मीर लाइट इन्फंट्रीचे, नायब सुभेदार बाना सिंग चार साथीदारांना घेऊन उभ्या बर्फाच्या भिंतीवरून चढले, तेही दिवसाढवळ्या, कारण वरती वादळ चालू होतं आणि समोरच्यांना वाटणार नाही की आता कुणी येईल. वर बंकर होता, त्यात ग्रेनेड टाकला आणि दार बाहेरून लावून घेतलं. चौकी आपली झाली. त्या चौकीचं नाव ठेवलं बाना. एका देशाच्या संस्थापकाचं नाव काढून नायब सुभेदाराचं ठेवलं, कुठला जनरल नाही, कुठला मंत्री नाही. बाना सिंगांना परमवीर चक्र मिळालं, नंतर बरीच वर्षं नोकरी करून मानद कॅप्टन म्हणून ते रिटायर झाले.

माझं म्हणणं इतकंच आहे की नाव द्यायचं तर जिथं त्या माणसाचा घाम सांडला तिथं द्या, आणि अशा जागेला द्या जिथं रोज काम चालतं. जनरल बिपिन रावत यांचं बघा, ते हेलिकॉप्टर अपघातात गेले डिसेंबर २०२१ ला, आणि सप्टेंबर २०२२ ला अरुणाचलात किबिथूच्या लष्करी तळाला त्यांचं नाव दिलं. दिल्लीत मोठी बिल्डिंग शोधता आली असती की. पण किबिथूला ते स्वतः कर्नल असताना आपली गोरखा बटालियन घेऊन राहिले होते, चीनच्या सीमेजवळ. तिथल्या पोस्टिंगवर आलेल्या पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही की हे नाव इथं कशाला.

याच्या उलट नमुना पण बघितलाय. नाव सांगत नाही, पण एका ठिकाणी माजी सैनिकांच्या सोयीसाठी हॉल बांधला, वीराचं नाव दिलं, चांगली गोष्ट, आणि कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव एवढं मोठं, त्याखाली प्रमुख पाहुणे, त्याखाली विशेष उपस्थिती, त्याखाली ठेकेदार, आणि ज्याच्या नावानं हॉल आहे तो बिचारा वरच्या कोपऱ्यात, ते पण चुकीच्या रँकसकट. लोक त्या जागेला मंगल कार्यालयाच्या मागचा हॉल म्हणतात.

तसं नावाचं मोल मराठवाड्याला वेगळं शिकवायची गरज नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ ला झाला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला, मधल्या काळात इथं किती घरं जळाली, किती माणसं गेली. त्यामुळं नावात काय ठेवलंय असं कुणी म्हणलं की मी गप उठून जातो.

बरं, मंडळींच्या वादात मी माझी पण एक चिठ्ठी टाकली. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. १९६५ ला फिलौरा आणि चविंड्याच्या रणगाड्यांच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे कमांडर, जखमी झाले तरी मागं हटले नाहीत, १६ सप्टेंबरला गेले, मरणोत्तर परमवीर. आपल्याकडं कुणाच्या लक्षात नसतं की हा माणूस आधी हैदराबाद संस्थानाच्या फौजेत होता, म्हणजे ज्या राज्यात आपला मराठवाडा होता त्याच राज्याच्या. संस्थान विलीन झालं, ती फौज मोडली, आणि १९५१ ला ते पूना हॉर्समध्ये आले. २०२३ ला अंदमानच्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली त्यात एक बेट तारापोरांचं आहे, एक बाना सिंगांचं पण. बेट दिलं ते बरंच केलं, पण बेटावर कोण जाणार हो.

दुसरी चिठ्ठी जनरल अरुणकुमार वैद्य यांची. १९६५ ला पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट त्यांच्या हाताखाली होती, महावीर चक्र मिळालं, १९७१ ला दुसऱ्यांदा मिळालं. आणि ही डेक्कन हॉर्स मूळ कुठली, तर त्याच हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातून आलेली. हे सांगितल्यावर काका एकदम सरसावून बसले. म्हणले मग जिल्ह्यात माजी सैनिकांसाठी पुढं जे काही बांधतील, कँटीन असो की दवाखाना, त्याला वैद्य साहेबांचं नाव मागू. शेजारचे हवालदार साहेब म्हणले, "मागा, पण दवाखान्यात डॉक्टर पण मागा." तेवढ्यावर बैठक मोडली, आता पुढच्या रविवारी परत बसणारेत, निवेदनाचा मसुदा माझ्याच गळ्यात पडलाय.