गोव्यात वेगळं होताना: आधी कागद

वेगळं व्हायचं ठरलं की पोटगीची चर्चा सुरू होते. गोव्यात आधी लग्नाच्या नोंदीचा दाखला काढा. लग्नापूर्वी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर इथल्या दिवाणी कायद्याप्रमाणे मालमत्ता समाईक धरली जाते. फ्लॅट एकाच्याच नावावर असला तरी. म्हणूनच घर-जमीन विकायला जोडीदाराची संमती लागते. ‘भांडणानंतर करार करू’ म्हणणाऱ्यांना उशीर झालेला असतो.

नुसतं माहेरी जाऊन राहिल्याने ही समाईकी तुटत नाही. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा दावा लावतात: मालमत्तेची आणि कर्जांची यादी, मूल्यांकन, मग गरज पडली तर दोघांतच बोली. घर ज्याच्याकडे जातं, त्याने दुसऱ्याला फरकाची रक्कम द्यायची. गोची होते ती यादीत. सोनं, मुदत ठेवी, गृहकर्जाची बाकी राहून जाते. विक्रीखत, फॉर्म १ व १४ (जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) आणि बँकेची विवरणं यांच्या प्रती आधीच काढून ठेवा, घरातल्या कपाटात नव्हे.

कराचंही बघा: भाडं, व्याज दोघांत निम्मं-निम्मं दाखवायचं असतं, पगार मात्र ज्याचा त्याचा. हुकमाची नोंद लग्नाच्या मूळ नोंदीवर करून घ्या. पुनर्विवाहाच्या वेळी तीच मागतात.