पायपेटीची पणजी

मंगळवार, रात्री साडेअकरा

वही उघडून पंधरा मिनिटं झाली आणि अजून एक ओळ नाही. कानात घुमतंय म्हणावं तर कान शांत आहेत. घुमतंय ते पोटात, बरगड्यांच्या खाली कुठेतरी. झोप येईल असं वाटत नाही, तेव्हा लिहूनच काढते.

शेजारच्या आजी (वय चौऱ्याऐंशी, कानात मशीन, सायकल अजून चालवतात) गेले दोन उन्हाळे मागे लागल्या होत्या, इथे नेदरलँड्समधल्या हार्लेमला ऑर्गन ऐकायला चल म्हणून. मी दोन उन्हाळे टाळलं. ऑर्गन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एक तर हिंदी सिनेमातलं चर्चमधलं लग्न येतं, नाहीतर पडका वाडा आणि वटवाघळं. आज मात्र सबब सुचली नाही.

अ‍ॅम्स्टेलव्हीनहून बस, मग चालत ग्रोटे मार्क्ट. (यातला ‘ग’ इथे घसा खाकरून म्हणायचा असतो. सहा वर्षं झाली, मला अजून जमत नाही.) चौकात सिंट बाफोचं चर्च, त्याच्या भिंतींना बिलगून बारकी बारकी दुकानं, अगदी आपल्याकडे देवळाच्या कोटाला टेकून असतात तशी. आत शिरल्यावर मात्र देवळाची आठवण संपते. पांढऱ्या भिंती, खूप उंचावर लाकडी छत, आणि पायाखाली फरशी म्हणून सगळे थडग्यांचे दगड. चित्रकार फ्रान्स हाल्स इथेच कुठेतरी पुरलेला आहे. मी आधी दगडांच्या सांध्यांवरून पाय टाकत चालत होते. आजी म्हणाल्या, “चाल गं नीट, त्यांना सवय आहे.”

आणि पश्चिमेच्या भिंतीवर तो. वाद्य म्हणायला जीभ रेटत नाही, इमारतच ती. जमिनीपासून छतापर्यंत जवळजवळ ३० मीटर, तांबूस लाकूड, सोनेरी वेलबुट्टी, वर सिंह, मधे वाद्यं घेतलेल्या मूर्ती आणि नळ्याच नळ्या. एकूण सुमारे ५००० नळ्या आहेत म्हणे, आणि समोरून दिसतात त्या त्यातल्या थोड्याच. क्रिस्तियान म्युलरने हा १७३५ ते १७३८ अशी तीन वर्षं खपून बांधला.

पैसे दिले ते शहराने. ही गोष्ट मला फार आवडली. १५७८ मध्ये हे चर्च कॅथलिकांकडून प्रोटेस्टंटांकडे गेलं, आणि त्या मंडळींना उपासनेत ऑर्गन नको होता. मग वाद्य शहराचं, वाजवणारा शहराचा आणि ऐकायला नागरिक, असा तोडगा निघाला. म्हणजे सभामंडपातला वाजंत्री नगरपालिकेच्या पगारावर! आजही हार्लेमला ‘शहराचा ऑर्गनवादक’ असतो. पुढे उपासनेतही ऑर्गन आला, पण मालकीची ती गंमत राहिली.

दारात पत्रक देणाऱ्या काकूंनी मोझार्टचं सांगितलंच. १७६६ मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो इथे वाजवून गेला. त्याच्या आधी संगीतकार हँडेल दोनदा येऊन गेला, १७४० आणि १७५० मध्ये. मोठ्या माणसांचे पाय लागले की वास्तू मोठी होते हा हिशेब मला कधी पटला नाही, पण एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. ऑर्गनला पायानेही वाजवायच्या पट्ट्या असतात. दहा वर्षांच्या पोराचे पाय त्यांना पुरले असतील का?

सुरुवात झाली ती एकदम सगळे स्टॉप (नळ्यांचा एकेक संच चालू-बंद करायच्या खुंट्या) उघडून. मी दचकले. आवाज समोरून आला नाही, चहूकडून आला, खुर्चीतून सुद्धा. पुढची वीस मिनिटं, खरं लिहायचं तर, मला आवडली नाहीत. मिरजेत वाढलेले माझे कान. आमच्या गल्लीत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी (तारेचा झणकार) काढणारे लोक दिवसभर बसलेले असायचे. तार छेडली की त्याच क्षणापासून तिचा सूर विरायला लागतो, आणि तंबोऱ्याची सगळी गोडी त्या विरण्यात. इथे सूर विरतच नाही. बोट ठेवलं की सूर उभा, खांबासारखा, पहिल्या क्षणाला जेवढा तेवढाच दहाव्या सेकंदाला. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, कमी-जास्त नाही, दम लागणं नाही. मला वाटलं, ज्याला मरण नाही त्यात जीव कुठून येणार?

मग मधे एक हळू तुकडा आला. वादकाने बहुतेक सगळं बंद करून एकच बासरीसारखा स्टॉप ठेवला असावा. आणि तेव्हा ऐकू आलं. प्रत्येक सुराच्या आधी एक बारीक ‘फ्’. सूर लागण्याआधी नळी ओठ उघडते. ‘फ्सा’, ‘फ्रे’. आपण व्यंजन म्हणून स्वर म्हणतो तसं.

त्यानंतर मी दुसरं काही ऐकलंच नाही. नुसत्या सुरांच्या सुरुवाती ऐकत बसले.

बुधवार

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काल घेतलेलं पत्रक पुन्हा वाचलं. स्टॉपच्या नावांपुढे आकडे आहेत, ८ फूट, ४ फूट, १६ फूट. काल हे काय कोडं आहे असं वाटलं होतं. आज एकदम उलगडलं आणि ऑफिसात एकटीच हसले. हे तर आमचं खर्ज, नर, मादी!

अप्पांच्या (माझ्या आजोबांच्या) पेटीत सुरांचे तीन संच होते. नर म्हणजे मधला, खर्ज त्याच्या खालच्या सप्तकात, मादी वरच्या. ऑर्गनवाले तेच फुटांत मोजतात. ८ फूट म्हणजे त्या संचातली सगळ्यात खालची नळी साधारण आठ फुटांची, हा त्यांचा नर. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली, म्हणून १६ फूट खर्ज आणि ४ फूट मादी. फरक एवढाच की अप्पांचे तीन संच मांडीएवढ्या पेटीत बसायचे आणि इथे साठाहून जास्त स्टॉप आहेत, त्यात ३२ फुटीही. खर्जाचा खर्ज! ती नळी जवळजवळ दहा मीटर उंच, सेकंदाला सोळाच्या आसपास कंपनं. त्याला सूर म्हणायचं की थरथर, ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

अप्पांकडे पेटीखेरीज पायपेटीही होती. पाय मारून भाता भरायचा, दोन्ही हात मोकळे. संगीत नाटकवाले तिला सरळ ‘ऑर्गन’च म्हणायचे. बालगंधर्वांच्या काळात रंगमंचापुढे ऑर्गन नाही तर नाटक कसलं! अप्पा कुठल्या मोठ्या कंपनीत नव्हते, गावातल्या हौशी मंडळींच्या तालमींना वाजवायचे. मी लहानपणी पायट्यापाशी बसून त्यांचे पाय बघायची. नांदी संपेपर्यंत पाय थांबायचे नाहीत.

म्हणून काल आजींना मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “ही आमच्या पायपेटीची पणजी.” आज वाचल्यावर कळलं की नातं इतकं सरळ नाही. पेटीत पितळी पत्ती असते, ती फटीतून मोकळी आत-बाहेर हलते आणि तीच सूर देते. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेनने १८४२ मध्ये घेतलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ती हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवायची केली. चर्चमधल्या ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत पत्तीच नसते. त्या बासरीच्या जातीच्या. खालून हवा येते, फटीतून निघून ओठावर आपटते आणि नळीतली हवा बोलायला लागते. कालचा तो ‘फ्’ म्हणजे हाच आपटण्याचा आवाज. काही नळ्यांत पत्ती असते, पण ती पितळी पन्हळीवर आपटत वाजते, क्लॅरिनेटच्या जवळची. ट्रम्पेट, आणि माणसाच्या आवाजाची नक्कल करणारा व्हॉक्स ह्युमाना, हे त्यातले. (काल व्हॉक्स ह्युमाना ऐकला. सर्दी झालेला माणूस नाकातून गातोय असं वाटलं. आजींना तो भयंकर आवडतो.)

तेव्हा पणजी नव्हे. पणजीची शेजारीण म्हणू फार तर, जिच्या घरचे दागिने लग्नात उसने आणले होते. पण पट्टी तीच, भाता तोच, आणि स्टॉप ओढायची खोडही तीच.

आणि तक्रारही तीच, हे गमतीचं. मींड निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) दाखवता येत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. अप्पा त्या काळातल्या अपमानाबद्दल मरेपर्यंत बोलायचे. आणि त्यांची नात काल नेमक्या त्याच कारणासाठी नाक मुरडत बसली होती!

गुरुवार

अर्धा दिवस रजा टाकली. घरी खोटं सांगितलं नाही, पण ‘हार्लेमला काम आहे’ एवढंच म्हणाले.

कार्यक्रम नव्हता, आत पर्यटक होते आणि वर कोणीतरी सूर जुळवत होतं. एकेक नळी, दोन-तीन सेकंद, मग टकटक, पुन्हा तीच नळी. लोक वैतागून बाहेर पडत होते. मी मात्र तासभर बसले. मिरजेच्या मुलीला सूर जुळवणं ऐकायचा कंटाळा कसा येणार, आमच्याकडे मैफलीत निम्मा वेळ तोच चालतो.

खाली उभ्या असलेल्या मदतनीसाने सांगितलं ते असं. ऊन वाढलं की नळीतली हवा तापते आणि बासरी-जातीच्या नळ्या चढतात. पत्तीच्या नळ्या फारशा हलत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात पाच हजारांच्या घरातला मोठा जमाव थोडा वर सरकतो आणि पत्तीवाले मागे राहतात. सगळ्या जमावाला खाली कोण आणणार? म्हणून मूठभर पत्तीवाल्यांनाच ओढून वर न्यायचं, थंडीत पुन्हा खाली. मी म्हटलं, बहुमताचं राज्य आहे तर. त्याला विनोद कळला नाही, किंवा माझं डच कळलं नाही.

त्यानेच पट्टीपासून नळीपर्यंतचा रस्ता समजावला. पट्टी दाबली की लाकडाच्या पातळ लांब पट्ट्या एकमेकींना ओढत वरपर्यंत जातात आणि नळीखालची झडप उघडतात. वीज कुठे आली तर फक्त हवा भरायला. पूर्वी त्या कामाला माणसं असायची, भात्यांवर चढून पायाने दाबणारी. मोझार्टचं नाव पत्रकात आहे. त्याला हवा कोणी पुरवली, ते मात्र पत्रकात नाही.

जुळवणारा थांबला. शेवटची नळी बंद झाली तेव्हा मी श्वास धरून ऐकलं. नळी थांबते, पण चर्च थांबत नाही. सूर छताखाली जातो, खांबांमधून फिरतो आणि तिथे विरतो. अगदी तंबोऱ्यासारखा, सावकाश. मंगळवारी मी विरणं नळीत शोधत होते. ते दगडात होतं. ही सगळी इमारतच त्याचा भोपळा.

शनिवार

आजींकडे कॉफी. त्यांच्या मते १९६१ नंतरचा हा ऑर्गन ‘तो’ ऑर्गन नाहीच. मार्कुसन नावाच्या डॅनिश कारखान्याने १९५९ ते १९६१ अशी मोठी दुरुस्ती केली, तेव्हा पुष्कळ गोष्टी बदलल्या. त्यावर इथली मंडळी आजही भांडतात. आजी तेव्हा तरुण होत्या, दोन्ही आवाज ऐकलेल्या. “आधी तो म्हातारा होता, मग तो फार स्वच्छ झाला,” म्हणाल्या. मला मत नाही. जवारी नव्याने काढली की तंबोरा तोच का, यावर आमच्या गल्लीतही रात्र-रात्र वाद झालेले आहेत आणि निकाल एकदाही लागलेला नाही.

निघताना विचारलं, मंगळवारी वाजवायला सुरुवात झाल्याबरोबर तुम्ही कानातलं मशीन काढून पर्समध्ये का टाकलंत? ते मी बघितलं होतं, पण तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही.

“त्यातून सगळं पत्र्यासारखं येतं. मला आता वरचं काही ऐकू येत नाही, तसंही. मी त्या बत्तीस फुटीसाठी जाते.”

“ती तर कुणालाच धड ऐकू येत नाही!”

“म्हणूनच,” म्हणाल्या. “तिथे आपण सगळे सारखे.”

मंगळवार, रात्री

पुन्हा गेलो. या वेळी मीच मागे लागले. आजींनी ठरलेली जागा घेतली, डावीकडच्या खांबापाशी, मशीन काढलं, पर्सची चेन लावली. मग वाकून बूट काढले आणि मोज्यांचे पाय दगडावर ठेवले. गेल्या वेळी माझं लक्षच नव्हतं.

मी चपला काढल्या. पलीकडच्या गृहस्थांनी एकदा माझ्या पायांकडे बघितलं आणि एकदा आजींच्या. दगड जुलै असूनही गार होता, त्यावरची अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली, एखाद्या आकड्याचा खळगा तेवढा टाचेला लागत होता. बराच वेळ काही नाही. बाखची एक फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत पाठोपाठ येणारी रचना) चालू होती, वर सगळी धावपळ. मग दोन्ही बाजूंच्या बुरुजांतल्या त्या मोठ्या नळ्यांपैकी कुठलीतरी एक उघडली असणार, कारण आजींनी डोळे मिटले, आणि त्यानंतर क्षणभराने ते माझ्या तळपायांत आलं.