बापलेकीचा लांबलेला सिनेमा

'टोनी एर्डमान' हा २०१६ सालचा जर्मन सिनेमा १६२ मिनिटांचा आहे आणि त्यातला अर्धा तास तरी सहज कापता आला असता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो बघाच म्हणून मी तुमच्या मागे लागणार आहे.

तसं लांबीचं आपल्याला सोलापूरकरांना काय? आपल्या जिल्ह्यातल्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' १७४ मिनिटांचा, तोही २०१६ सालचाच, आणि तो बघताना कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं. पण तिथे गाणी होती, मध्यंतर होतं. इथे जर्मनीत, कार्लसरूहला एका छोट्या थिएटरात मी हा सिनेमा बघितला तेव्हा ना गाण्यांची उसंत, ना मध्यंतर. (कार्लसरूह हे दिग्दर्शिका मारेन आडे यांचं जन्मगाव.)

गोष्ट साधी आहे. विनफ्रीड हा उतारवयातला संगीत शिक्षक, गमत्या स्वभावाचा. मुलगी इनेस रुमानियात, बुखारेस्टला एका सल्लागार कंपनीत मोठ्या पदावर. म्हातारा कुत्रा मरतो आणि हा न कळवता लेकीकडे जाऊन थडकतो. तिला वेळ नाही. तो परत निघतो, आणि मग विग आणि खोटे दात लावून, टोनी एर्डमान या नावाने पुन्हा तिच्यासमोर उभा राहतो.

कंटाळा येतो तो मधल्या ऑफिसच्या भागात. मीटिंगा, क्लायंटची मर्जी सांभाळणं, पुन्हा मीटिंगा. मुलगी कामाच्या चरकात सापडली आहे हे पहिल्या दोन प्रसंगांत कळतं; पाचव्यात नव्याने काही हाती लागत नाही.

तरीही मी जागची हलले नाही, ती इनेस झालेल्या सांड्रा ह्युलरमुळे. ऑफिसात इनेस इंग्रजी बोलते तेव्हा आवाज कसा इस्त्री केलेला. बापाशी जर्मन बोलायला लागली की तोच आवाज खाली येतो आणि त्यात लहान मुलीची चिडचिड शिरते. सोलापुरात पूर्व भागात घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्यांना हे सबटायटल वाचतानाही ऐकू येईल. एका रुमानियन कुटुंबाच्या घरी बाप पेटीसारखी कीबोर्ड घेऊन बसतो आणि तिला व्हिटनी ह्यूस्टनचं गाणं म्हणायला भाग पाडतो. पहिल्या ओळी ती नाइलाजाने, उरकून टाकल्यासारख्या म्हणते. मग कुठेतरी मान ताठ होते, गळ्याच्या शिरा दिसायला लागतात, आणि शेवटचे सूर ती अक्षरशः ओरडून फेकते. गाणं संपतं आणि ती ताडकन निघून जाते. रडणं नाही, मिठी नाही. थिएटरात लोक हसत होते आणि माझ्या शेजारच्या आजी डोळे पुसत होत्या.

बाप झालेल्या पेटर सिमोनिशेक यांचं काम त्याहून अवघड, असं माझं मत. मुळात ते रंगभूमीचे मोठे नट. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या महोत्सवात २००२ ते २००९ अशी आठ वर्षं त्यांनी नाटकात मुख्य भूमिका केली. अशा माणसाने इथे वाईट अभिनय करणाऱ्या माणसाचा अभिनय करायचा! खोटे दात शर्टाच्या खिशातून काढून तोंडात बसवतात, तेव्हा दात विनोदी दिसतात, पण डोळे त्याच बापाचे राहतात, जरा घाबरलेले. विनोद फसला की त्या फसण्यात ते थांबून राहतात. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात एखादा कसलेला नट पॉज धरतो आणि अख्खं प्रेक्षागृह श्वास धरून बसतं, तसंच. २०२३ मध्ये ते गेले.

२०१६ च्या युरोपियन फिल्म अवॉर्ड्समध्ये या दोघांना अभिनयाचे आणि सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही पुरस्कार मिळाला. ह्युलरना पुढे 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल'साठी ऑस्करचं नामांकनही मिळालं.

मला मात्र सिनेमाभर आमचे आप्पा दिसत होते. गेल्या उन्हाळ्यात ते इथे राहून गेले. मी दिवसभर कामावर, ते खिडकीशी बसून ट्राम बघायचे. कोपऱ्यावरच्या तुर्की भाजीवाल्याला एक अक्षर न समजता त्यांनी दोस्त केलं, त्याला शेंगा चटणी खाऊ घातली. संध्याकाळी मी दारात आले की पहिला प्रश्न, "दमलीस का गं? वेळेवर जेवायलीस ना?" सिनेमातला बाप सरळ विचारतो, इथे थोडी तरी सुखी आहेस का? आप्पा तेच विचारत होते. इनेसला उत्तर देता येत नाही तेव्हा तिचा जबडा किंचित आवळला जातो, बस, तेवढंच. ज्यांची लेकरं पुण्याला, बंगळूरला किंवा माझ्यासारखी आणखी लांब आहेत, त्यांनी तो जबडा बघावा म्हणून हा सगळा खटाटोप.

एक सूचना. शेवटाकडे एक मोठा नग्नतेचा प्रसंग आहे. तो अचकट नाही, पोट धरून हसवतो, पण पोराबाळांसोबत बसून बघायचा सिनेमा हा नव्हे. आणि मध्यंतर तुम्हीच घ्या. बाप पहिल्यांदा परत निघतो आणि लेक बाल्कनीतून हात हलवता हलवता रडते, तिथे थांबून चहा टाका. गाणं सुरू झालं की मात्र उठू नका. तिथून पुढचं सगळं एका बैठकीत बघा, त्यातलं एक मिनिटही कापण्यासारखं नाही.