टोरोंटोच्या पूलमध्ये बॉस्टनचा पास्तरनाक : हॉकी ड्राफ्टचा माझा अनुभव

टोरोंटो परिसरातल्या हॉकी पूलमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून खेळायचा खेळ) ड्राफ्टच्या वेळी, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडताना, इथल्याच मेपल लीफ्सचे खेळाडू त्यांच्या खऱ्या किमतीपेक्षा एक-दोन फेऱ्या आधीच उचलले जातात. बॉस्टन, फ्लोरिडा, ओटावा आणि मॉन्ट्रियलचे खेळाडू त्याच प्रमाणात खाली घसरतात. यामागे जुनी दुखणी आहेत. लीफ्सने लीगचा विजेतेपदाचा चषक, स्टॅनले कप, शेवटचा जिंकला तो १९६७ साली. बॉस्टनने त्यांना २०१३, २०१८, २०१९ आणि २०२४ मध्ये प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत, मालिकेच्या सातव्या सामन्यात बाहेर काढलं. फ्लोरिडाने २०२३ आणि २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीत बाहेर काढलं. मी स्वतः लीफ्सची चाहती आहे आणि बॉस्टन जिंकलेलं मला आजही बघवत नाही. तरीही पूलची यादी करताना मी सर्वांत आधी या चार संघांचे खेळाडू बघते, कारण स्वस्तात मिळणारा माल तिथेच असतो. २०२५-२६ हंगामाचा ड्राफ्ट मी असाच केला. तो टप्प्याटप्प्याने लिहिते आहे. हॉकी म्हणजे इथे बर्फावरची, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची.

भारतातल्या वाचकांना ड्रीम११ माहीत आहे. तिथे एका सामन्यापुरता संघ असतो आणि एकच खेळाडू हजारो लोकांच्या संघात असू शकतो. पूलमध्ये तसं नसतं. आमच्या पूलमध्ये बारा संघ आहेत, आणि एक खेळाडू एकाच संघाकडे, तोही ऑक्टोबर ते एप्रिल. प्रत्येकाकडे दोन सेंटर, दोन लेफ्ट विंग, दोन राइट विंग, चार डिफेन्समन, दोन गोलरक्षक आणि चार राखीव, म्हणजे सोळा जण. शिवाय जखमींसाठी दोन जागा. दर आठवड्याला एका संघाशी सामना, आणि नऊ रकान्यांत तुलना : गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेला पास), पॉवरप्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असतानाचे) गुण, शॉट, हिट (अंगाने दिलेली धडक), ब्लॉक (अंगावर घेतलेला शॉट), गोलरक्षकांचे विजय, प्रतिसामना खाल्लेले गोल आणि अडवलेल्या शॉटचं प्रमाण. ज्याचे जास्त रकाने, त्याचा आठवडा. खेळाडूचे गुण म्हणजे गोल अधिक असिस्ट.

यादीला हात लावण्याआधी हे रकाने नीट वाचायलाच हवेत. फक्त गोल आणि असिस्ट मोजणाऱ्या पूलमध्ये वॉशिंग्टनचा टॉम विल्सन मधल्या फेरीतला खेळाडू ठरतो; हिट मोजणाऱ्या पूलमध्ये तो दोन-तीन फेऱ्या वर जातो, कारण २०२४-२५ मध्ये ३३ गोल करणारा हा माणूस धडकाही भरपूर देतो. त्याच हंगामात व्हँकुव्हरच्या कीफर शेरवुडने ४६२ हिटचा विक्रम केला. असा खेळाडू शेवटच्या फेरीत घेऊन एक अख्खा रकाना बहुतेक आठवडे खिशात टाकता येतो. उलट मॉन्ट्रियलच्या लेन हटसनचं बघा. पहिल्याच पूर्ण हंगामात ६६ गुण आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी. पण त्या ६६ मध्ये गोल फक्त ६, आणि हिट त्याच्याकडून येत नाहीत. आमच्या रकान्यांत तो नावाइतका महाग नाही. असिस्ट आणि पॉवरप्ले हे दोन रकाने कमी पडत असतील तरच घ्यावा.

यादीसाठी मी गेल्या तीन हंगामांचे आकडे घेते. प्रत्येक हंगामाची प्रतिसामना सरासरी काढते, ताज्या हंगामाला ५० टक्के, त्याआधीच्याला ३० आणि त्याआधीच्याला २० टक्के वजन देते, आणि आलेल्या आकड्याला अपेक्षित सामन्यांनी गुणते. लीफ्सच्या ऑस्टन मॅथ्यूजचं उदाहरण घ्या. २०२२-२३ मध्ये ७४ सामन्यांत ४० गोल, २०२३-२४ मध्ये ८१ सामन्यांत ६९, २०२४-२५ मध्ये ६७ सामन्यांत ३३. प्रतिसामना ०.५४, ०.८५ आणि ०.४९. वजनं लावून ०.६१ येतात. दुखापतींचा इतिहास बघून ७४ सामने धरले तर ४५ गोल. टोरोंटोतला चाहता मात्र ६९ चा आकडा डोळ्यांसमोर ठेवून निवड करतो.

आता बॉस्टनचा डेव्हिड पास्तरनाक. तिन्ही हंगामांत पूर्ण ८२ सामने. गोल ६१, ४७ आणि ४३. त्याच पद्धतीने ०.५८, आणि ८० सामने धरले तर साधारण ४७ गोल. असिस्ट वेगळे : ५२, ६३, ६३. एकूण गुण ११३, ११० आणि १०६. मॅथ्यूजचे याच तीन हंगामांतले गुण ८५, १०७ आणि ७८. वर पास्तरनाक राइट विंगला खेळतो, आणि चांगले सेंटर जितके मिळतात तितके चांगले विंगर मिळत नाहीत. २०२४ च्या सातव्या सामन्यात ओव्हरटाइममध्ये लीफ्सना संपवणारा गोल त्याचाच होता. तो गोल विसरण्याची गरज नाही. फक्त यादीत त्याचा क्रमांक मॅथ्यूजच्या वर लिहायचा.

प्रतिस्पर्ध्यांबद्दलचा राग दोन्ही बाजूंनी फसवतो. फ्लोरिडाचा सॅम बेनेट मला खेळाडू म्हणून आवडत नाही. २०२५ च्या लीफ्सविरुद्धच्या मालिकेत पहिल्याच सामन्यात आमच्या लीफ्सच्या गोलरक्षकाच्या, अँथनी स्टोलार्झच्या, डोक्याला त्याचं कोपर लागलं आणि स्टोलार्झ बाहेर गेला. पुढे बेनेटने त्या प्लेऑफमध्ये १५ गोल करून प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी नेली. धसका बसलेले लोक त्याला आता पहिल्या फळीतला मानतात, पण नियमित हंगामात त्याचे गुण ५१ होते. ब्रॅड मार्शंडचंही तसंच. प्लेऑफमध्ये फ्लोरिडासाठी १० गोल, त्यातले ६ अंतिम फेरीत. त्याच वर्षी, फ्लोरिडाला जाण्याआधी, बॉस्टनसाठी ६१ सामन्यांत मात्र ४७ गुण. प्लेऑफचे आकडे मी नियमित हंगामाच्या यादीत धरतच नाही. प्लेऑफ पूल हा वेगळा खेळ आहे. तिथे संघ किती फेऱ्या टिकेल यावर सगळं असतं, आणि हे दोघे तिथे माझ्या यादीत वर असतील.

ओटावाचा ब्रेडी कचक हा खरा घसरणारा मोहरा. भांडखोर, कर्णधार, आणि लीफ्सच्या प्रत्येक सामन्यात कुणाच्या तरी अंगावर. २०२३-२४ मध्ये त्याने ३७ गोल, ३७ असिस्ट आणि तीनशेच्या जवळपास हिट दिले. गोल, शॉट आणि हिट हे तीन रकाने एकटा भरणारा विंगर लीगमध्ये दुसरा क्वचितच सापडेल. पुढच्या वर्षी तो ५५ गुणांवर आला, तरी हिट मोजणाऱ्या पूलमध्ये दुसऱ्या फेरीत तो हवाच.

ड्राफ्टची तारीख जितकी उशिरा तितकी बरी. सराव शिबिरं सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होतात, आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाचा कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह शिबिराच्या अगदी सुरुवातीलाच गुडघ्याचे लिगामेंट फाटून सात ते नऊ महिने बाहेर गेला. ज्यांनी आधी ड्राफ्ट उरकला त्यांची वरची निवड तिथेच गेली. आम्ही हंगाम सुरू होण्याआधीच्या शनिवार-रविवारीच बसतो. फ्लोरिडाचाच मॅथ्यू कचक, म्हणजे ब्रेडीचा मोठा भाऊ, ऑगस्टमधल्या शस्त्रक्रियेमुळे डिसेंबरपर्यंत तरी खेळणार नव्हता. जखमींची जागा असेल तर असा खेळाडू उशिरा घेऊन तिथे ठेवता येतो. राखीव बाकावरची जागा अडत नाही. मात्र बहुतेक पूलमध्ये एक मेख असते. संघाने त्याला अधिकृतपणे जखमी यादीत टाकेपर्यंत ती जागा वापरता येत नाही, म्हणून सुरुवातीचे काही दिवस राखीवमध्ये एक रिकामी जागा धरून चालायचं.

मला सातवा क्रमांक आला. ड्राफ्ट सर्पाकृती, म्हणजे दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. माझ्या निवडी ७, १८, ३१, ४२ अशा पडल्या. मॅकडेविड, मॅकिनन, कुचेरोव्ह, ड्रायसाइटल आणि केल मकार गेले. मकार डिफेन्समन असून २०२४-२५ मध्ये ३० गोल आणि ९२ गुण, तेव्हा तो पहिल्या पाचात रास्तच. सहावा मॅथ्यूज गेला. सातव्याला पास्तरनाक. अठराव्याला ब्रेडी कचक. एकतिसाव्याला मिच मार्नर मिळाला, हे मला अजूनही विशेष वाटतं. २०२४-२५ मध्ये १०२ गुण करून तो वेगासला गेला. लीफ्सच्या स्वेटरमध्ये असता तर आमच्याकडे पहिल्या पंधरात संपला असता. संघ सोडून गेला म्हणून लोकांनी हात आखडले. आता त्याला जॅक आयकलसोबत खेळायची संधी होती, आणि आयकलचे स्वतःचे गुण ९४. जागा बदलली की खेळाडूचं कसब बदलत नाही. शेजारी आणि पॉवरप्लेवरची जागा बदलते, तेवढंच तपासायचं.

गोलरक्षकांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि सामने तिथेच हरतात. नऊपैकी तीन रकाने फक्त दोन जागांवर अवलंबून आहेत. बारा संघांना चोवीस गोलरक्षक लागतात, आणि निर्विवाद क्रमांक एक म्हणावे असे तेवढे लीगमध्ये नाहीत. विनिपेगच्या कॉनर हेलेबकने २०२४-२५ मध्ये ४७ विजय मिळवले. त्याची किंमत सगळ्यांना माहीत. गडबड होते ती त्याच्या खालच्या थरात. एकाने गोलरक्षक उचलला की पुढचे चार-पाच जण घाबरून तेच करतात. माझा नियम असा : ही रांग सुरू झाली की तिच्या शेवटी धावायचं नाही, उरलेला चांगला स्केटर, म्हणजे गोलरक्षक नसलेला खेळाडू, घ्यायचा. पण पहिला गोलरक्षक पाचव्या फेरीच्या पुढे ढकलायचा नाही.

जोडीने खेळणाऱ्या गोलरक्षकांचे आकडे फसवे असतात. स्टोलार्झने २०२४-२५ मध्ये ९२.६ टक्के शॉट अडवले, लीगमध्ये सर्वांत जास्त. पण सामने फक्त ३४, कारण जोसेफ वोल ४२ खेळला. आमच्याकडे आठवड्याला किमान तीन सामने गोलरक्षकांनी खेळावे लागतात, नाहीतर तिन्ही रकाने जातात. जोडीतला एक घ्यायचा तर दुसराही घ्यावा, किंवा दोघांनाही सोडावं. करारावरून शिबिर चुकवलेला गोलरक्षक मी दोन फेऱ्या खाली ढकलते. बॉस्टनचा जेरेमी स्वेमन २०२४ मध्ये हंगामाच्या तोंडावर करार करून आला आणि वर्षभर ८९.२ टक्क्यांवर अडकला.

२०२५-२६ च्या हंगामात आणखी एक गोष्ट होती. मिलान ऑलिम्पिकसाठी लीग फेब्रुवारीत जवळजवळ तीन आठवडे थांबणार होती आणि ८२ सामने उरलेल्या दिवसांत बसवायचे होते. सामने दाट झाले की लागोपाठ दोन रात्री खेळण्याचे प्रसंग वाढतात, आणि दुसऱ्या रात्री सहसा दुसरा गोलरक्षक उतरतो. म्हणून चांगल्या संघाचा दुय्यम गोलरक्षक शेवटच्या फेरीत घेण्यासारखा होता.

आज कोण खेळणार हे कळायची जुनी खूण म्हणजे सकाळचा सराव. जो गोलरक्षक आधी बर्फावरून उतरतो तोच बहुधा रात्री सुरुवात करतो, आणि बातमीदार ते लगेच कळवतात. टोरोंटोत हा सराव सकाळी साडेदहाच्या सुमारास असतो. भारतातून खेळणाऱ्यांना ही बातमी रात्री आठ-नऊच्या सुमारास मिळते, झोपण्याआधी संघ लावता येतो. टोरोंटोतला संध्याकाळी सातचा सामना भारतात पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली घड्याळं मागे गेली की साडेपाचला.

हंगाम सुरू झाल्यावर वेळापत्रक हेच हत्यार. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी लीगचे बहुतेक सामने असतात. त्या रात्री सोळापैकी तेरा-चौदा जण खेळतात आणि एक-दोन चांगले बाकावर वाया जातात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार विरळ. राखीवचे शेवटचे दोन खेळाडू मी या विरळ रात्रींवरून ठरवते : गुरुवारी-शनिवारी खेळणाऱ्या ४० गुणांच्या खेळाडूपेक्षा बुधवारी-रविवारी खेळणारा ३५ गुणांचा खेळाडू माझ्या प्रत्यक्ष खात्यात जास्त भर घालतो. आठवड्याला चार बदलांची मुभा आहे. त्यातले दोन मी रविवारपर्यंत राखून ठेवते, कारण कोणते रकाने अजून हातात येऊ शकतात ते तेव्हाच दिसतं.

अदलाबदलीचा प्रस्ताव आला की आधी शॉटचा आकडा बघायचा. लीगमध्ये साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. वेगासच्या विल्यम कार्लसनने २०१७-१८ मध्ये २३.४ टक्के शॉट गोलात घालून ४३ गोल केले. पुढच्या वर्षी २४. एडमंटनच्या झॅक हायमनचे मॅकडेविडशेजारी ५४ गोल झाले, पुढच्या हंगामात २७. नोव्हेंबरमध्ये कुणी वीस टक्क्यांवर असेल तर त्याला विकायची तीच वेळ. अपवाद ड्रायसाइटलसारख्यांचा, ज्यांची टक्केवारी वर्षानुवर्षे उंच राहिली आहे. उलट शॉट भरपूर आणि गोल थोडे असलेला खेळाडू मागून घ्यायचा, आणि तो लीफ्सचा प्रतिस्पर्धी असेल तर आमच्या पूलमध्ये मालक त्याला सहज सोडतो.

पूलचे बाद फेरीचे आठवडे ठरवताना एक गोष्ट आधीच मंजूर करून घ्यावी. नियमित हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात स्थान पक्कं झालेले संघ आपल्या मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात, आणि मुख्य गोलरक्षकही बसवला जातो. आमचा अंतिम सामना त्यामुळे त्याच्या आदल्या आठवड्यात संपतो. हा नियम ड्राफ्टच्या आधीच लिहून सगळ्यांना पाठवावा; मार्चमध्ये मांडला की ज्याचं नुकसान होणार तो विरोधात मत देतो.