१९४८ सालात ऑल्टरनेटर कसा?

आमच्या मॉडेल क्लबात किटमधून प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या जोडतात. ह्या खेपेचा नियम साधा होता. नवीन किट विकत आणायचं नाही. ग्लू, रंग आणि पॉलिशपेपर एवढ्यापुरते पैसे खर्चलेले चालतील. बाकी गाडी उभी करायची ती जुन्या किटांतून उरलेल्या तुकड्यांवर. तुकडे स्वतःचे असोत नाहीतर दुसऱ्या सभासदाचे. आणि गाडी टेबलावर मांडताना शेजारी एक कार्ड ठेवायचं: कुठला भाग कुठून आला. विषय होता हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी हलकी करून, इथले तिथले भाग लावून बांधलेली जुनी गाडी.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उत्तरेला, ट्रॉयच्या आसपास. इथली बरीच मराठी घरं गाड्यांच्या धंद्यावरच चालतात, त्यामुळे गाड्यांचं कौतुक नवीन नाही. पण मॉडेल क्लबमध्ये हा नियम ऐकला आणि मला हसूच आलं. उरलंसुरलं कसं वापरायचं हे आता अमेरिकन लोक आपल्याला शिकवणार? कचऱ्याच्या दिवशी चालू प्रिंटर आणि अख्खा सोफा रस्त्याकडेला ठेवून मोकळे होणारे? आपण श्रीखंडाच्या डब्यात खिळे आणि खिळ्यांच्या डब्यात बटणं ठेवत मोठे झालो.

पुढच्या बैठकीला मंडळी आपापले डबे घेऊन आली आणि माझी बोलती बंद झाली. मासेमारीचं सामान ठेवायचे कप्प्याकप्प्यांचे खोके, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. एकाने हेडलाइटचे दोन कप्पे केले होते: '१९४० च्या आधीचे' आणि 'नंतरचे'. कारण काय, तर १९४० पासून अमेरिकन गाड्यांना सील्ड बीम दिवे (काच आणि आरसा एकाच बंद तुकड्यात) आले आणि काचेचं रूप बदललं. खरा दिवा सात इंचांचा, म्हणजे आमच्या १/२५ मापात सात मिलिमीटर. सात मिलिमीटरच्या तुकड्याला कालखंड!

मुळात एवढं उरतं कसं, ह्याचं उत्तर आमच्याच गावात आहे. एएमटी ही मॉडेलची कंपनी ट्रॉयची. १९४८ साली सुरू झाली तेव्हा ती गाड्यांच्या डीलरांसाठी छोट्या गाड्या बनवायची. बाप खरी गाडी बघतोय तोवर पोराच्या हातात द्यायला. १९५८ साली त्यांनी 'थ्री-इन-वन' किट काढलं. एकाच खोक्यात एकाच गाडीचे तीन अवतार: कारखान्यातून निघते तशी, कस्टम आणि रेसिंग. पोरगं बांधणार त्यातला एकच. म्हणजे उरलेल्या दोन अवतारांची चाकं, बंपर, कार्ब्युरेटर शिल्लक राहणार हे खोकं उघडण्याआधीच ठरलेलं. पुढे कंपनी लेस्नी आणि मग एर्टल ह्या खेळण्यांच्या कंपन्यांकडे गेली आणि आयोवातल्या डायर्सव्हिलला हलली. शिल्लक तुकडे मात्र इथल्या तळघरांत राहिले.

तळघर हा खरा मुद्दा आहे, आणि तो कुणी लक्षात घेत नाही. माझ्याकडेही लहानपणी एक विमानाचं किट होतं. त्याचे उरलेले तुकडे कुठल्याशा दिवाळीच्या साफसफाईत गेले. आईला दोष देत नाही. दोन खोल्यांत पाच माणसं, वर पाहुणा आला तर सहावी गादी. तिथे विमानाचं जादा शेपूट कोण सांभाळणार? तळघर असलं की कुणीही इतिहासकार होतो. हे मी क्लबमध्ये बोललो नाही, इथे बोलतो.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो ते गृहस्थ. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य टूल-अँड-डायच्या, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि हत्यारं घडवायच्या कामात गेलं. सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझी जीभ रेटत नाही. 'सर' म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यामुळे मी त्यांना काहीच म्हणत नाही. समोर जाऊन उभा राहतो, ते वर बघेपर्यंत. मनात मात्र 'आजोबा' म्हणतो, इथेही तेच लिहितो.

आजोबांचं म्हणणं असं, की उरलेल्या भागांतून हॉट रॉड बांधणं हा कसला खेळातला नियम, ती गाडी बांधायची खरी रीतच तेवढी आहे. १९३२ साली फोर्डने स्वस्तातल्या गाडीत व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन दिलं, २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. चारपाच वर्षांत त्या गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि खिशात फारसं काही नसलेल्या पोरांच्या हाती लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातली ही पोरं मडगार्ड, पायऱ्या, जे जड वाटेल ते काढून टाकायची आणि म्यूरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाडी पळवायला न्यायची. १९३७ साली त्यांनी वेळ मोजायची रीतसर संघटना काढली, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. म्यूरॉक लष्कराने घेतलं (आजचा एडवर्ड्स हवाई तळ), तशी ही वरात एल मिराजच्या तळ्यावर गेली. युद्ध संपल्यावर बिल बर्क नावाच्या माणसाने १९४६ साली लढाऊ विमानाची इंधनाची जादा टाकी घेतली, तिला चाकं लावली आणि पळवली. विमानाची टाकी! हे ऐकून माझा 'आम्ही खिळे जपणारे' हा तोरा जरा उतरला.

भंगारातून भाग निवडतानाही त्यांना अक्कल होती. चासी १९३२ ची. बॉडी त्याआधीच्या फोर्डची, मॉडेल ए ची, कारण हलकी. ब्रेक १९३९ च्या फोर्डचे, कारण फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक तोवर दिलेच नव्हते. मागचे थेंबासारखे लाल दिवेही १९३९ चेच, पण ते निव्वळ देखणे म्हणून.

मी तीच जोडी घेतली. १९२९ च्या रोडस्टरची (बिनछपराच्या मॉडेल ए ची) बॉडी आजोबांनी दिली, जुन्या ग्लूने थापलेली, एका कोपऱ्यात तडकलेली. "परत आणू नकोस," एवढंच म्हणाले. चासी दुसऱ्या एकाच्या डब्यातून. १९३२ च्या चासीवर कडेने एक वळणदार उठाव असतो, त्यामुळे मडगार्ड काढले तरी ती उघडीवाघडी दिसत नाही. मॉडेल ए चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०३.५ इंच, '३२ चा १०६. आमच्या मापात एक इंच म्हणजे एक मिलिमीटर आणि वर केसभर. तेव्हा घोळ अडीच मिलिमीटरचा. मागची चाकं बॉडीच्या कमानीत मधोमध बसवली आणि उरलेली अडीच मिलिमीटर रेडिएटर आणि बॉडीच्या मध्ये ढकलली. बॉनेट लांबलं, गाडी आपोआप रागीट दिसायला लागली.

इंजिनाचे दोन अर्धे कुणीतरी पूर्वी चिकटवून ठेवलेले. ते रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. थंडीने जुना ग्लू ठिसूळ होतो आणि सांधा नखाने उघडतो. (बायकोने विचारलं, "धुतलंय ना हे?" बाकी आक्षेप नाही.) भडक क्रोमचे भाग घरातल्या ब्लीचमध्ये टाकले की चकाकी काही मिनिटांत उतरते. खालचा लॅकर मात्र चिवट, त्याला ओव्हन साफ करायचा फेस लागतो. तो सगळा काढावाच लागतो, कारण पातळ ग्लू प्लॅस्टिक विरघळवून सांधतो, क्रोमवर किंवा रंगावर त्याचं काही चालत नाही.

टायरांची गंमत वेगळी. जुन्या किटांतले मऊ व्हायनिलचे टायर वर्षानुवर्षं कडक प्लॅस्टिकला टेकून राहिले तर त्याला खातात; टायर मऊ राहावा म्हणून घातलेलं रसायन झिरपतं आणि प्लॅस्टिक विरघळतं. मला मिळालेल्या एका विंडशील्डवर टायरच्या नक्षीचा अख्खा ठसा होता. त्यामुळे जाणकार लोक टायर वेगळ्या पिशवीत ठेवतात. मी मागे मोनोग्रामच्या १/२४ मापाच्या किटमधले टायर लावले आणि पुढे १/२५ मधले. मापांतला फरक चार टक्क्यांचा, पण हॉट रॉडला मागे मोठे आणि पुढे छोटे टायरच हवे असतात. दोन कंपन्यांचं न जुळणं इथे कामी आलं. ह्या युक्तीचं मला अजून कौतुक वाटतं, स्वतःचंच.

रंग दिला नाही. रंगाखाली देतात त्या राखाडी प्रायमरवर ठेवली. हिवाळ्याच्या शेवटी डेट्रॉइटला ऑटोरामा हे सजवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे रिडलर अवॉर्डसाठी (१९६४ पासून देतात) ज्या गाड्या येतात त्या आरशासारख्या असतात. मला त्यांच्यापेक्षा ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला येणाऱ्या मळकट, प्रायमरवरच्या गाड्या आवडतात. पैसे संपले तिथे रंग थांबला, असं सरळ सांगणाऱ्या.

आणि मग ऑल्टरनेटर.

इंजिन फोर्डचंच जुनं फ्लॅटहेड व्ही-८, वर तीन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. पुढे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर हवा, लांबट नळकांड्यासारखा. कुणाच्याच डब्यात सुटा जनरेटर नव्हता. होता एक ऑल्टरनेटर, तेच काम करणारा पण नंतरच्या काळातला, आखूड, जाडा, पुढून हवेच्या फटी असलेला, साठच्या दशकातल्या कुठल्यातरी गाडीचा. बसवला. सहा मिलिमीटरचा ऐवज, वरून पट्टा. बैठकीत आजोबांनी खिशातून भिंग काढलं.

"कोणत्या सालची गाडी?"

"१९४८."

"१९४८ सालात ऑल्टरनेटर कसा? क्रायस्लरने तो १९६० च्या व्हॅलियंटला दिला."

भिंग खिशात. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. मला जास्त राग त्याचाच आला. अहो, नियम तुमचा! आहे त्यात भागवा म्हणता आणि भागवलं की साल विचारता? एकीकडे सांगता की पोरं भंगारात मिळेल ते लावायची, आणि मला मात्र भंगारसुद्धा योग्य तारखेचं हवं? घरी येताना गाडीत मी एकटाच हा वाद घालत होतो आणि जिंकतही होतो. आपल्याकडे कुणी असं विचारत नाही. पितळी दिवा जुना दिसला की तो पेशवेकालीन, विषय संपला. आता ह्यात आपला आळस आहे असं कुणी म्हणेल. पण तीनशे वर्षं मागे जायचं तर थोडं इकडेतिकडे होणारच. ह्यांचा इतिहास खोक्याच्या तीन कप्प्यांत मावतो, मग तारखा सांभाळायला काय जातंय?

मी भाग काढला नाही. कार्डावर ओळ वाढवली: 'गाडी १९४८ ची. १९६५ साली मालकाने जनरेटर काढून ऑल्टरनेटर बसवला.'

आजोबांनी ती दोनदा वाचली. "हं. मग बॅटरी बारा व्होल्टची केली असणार त्याने. फोर्ड १९५५ पर्यंत सहा व्होल्टवर होती." पुन्हा भिंग. माझ्या बॅटरीवर तीन झाकणं होती. सहा व्होल्टला तीन सेल, बारा व्होल्टला सहा. झाकणं मोजली त्यांनी! मग टेबलाभोवतीची सगळीच कामाला लागली. हेडलाइटचे बल्ब बदलले का? मालक कुठे नोकरीला होता? एकाने स्वतःच्या डब्यातून सहा झाकणांची बॅटरी शोधून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. बॅटरी बदलली, कार्डावर आणखी एक ओळ. शेवटी कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या आणि त्या मालकाबद्दल आम्हाला शेजाऱ्यापेक्षा जास्त माहिती झाली. एरवी माझ्याशी हवेपाण्यापलीकडे न बोलणारी माणसं तो तासभर माझ्या काल्पनिक मालकाच्या वायरिंगवर भांडत होती. आमच्या मंडळात असली भांडणं फक्त गणपतीच्या जेवणाच्या मेनूवरून होतात.

मंडळातल्या एकाने ही गाडी बघून म्हटलं, "म्हणजे आपल्यासारखीच की, इथलं थोडं, तिथलं थोडं." मी हात जोडले. गाडी आहे हो ती.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. "काय रे, एवढं शिकून हेच?" मग जरा जवळ बघून, "पत्रे कुठे गेले हिचे?" मडगार्ड मुद्दाम काढतात हे तिला पटलं नाही. तीसेक डॉलरचं किटसुद्धा घेतलं नाही, फुकटात झालं, असं सांगितल्यावर जरा निवळली. ग्लू आणि रंगाचा खर्च सांगितला नाही.

पुढचा विषय जाहीर झालाय: नियम तोच, गाडी आपापल्या घराण्याच्या मुलुखातली. पोलिश, इटालियन, आयरिश नावं असलेली मंडळी विचारात पडली, मी लगेच सांगितलं, महिंद्राची जीप. अँबॅसेडरचा एकही तुकडा ह्या लोकांच्या डब्यांत सापडायचा नाही, पण युद्धातल्या विलीस जीपचे भाग रग्गड आहेत. महिंद्राने कितीतरी वर्षं बनवली ती सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिन उंच. आणि जाळीत फटी सात, युद्धातल्या जीपला नऊ. म्हणजे बॉनेट वाढवायचं, जाळी नव्याने कापायची. आजोबा ऐकून घेत होते. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. "कोणत्या सालची?"

तेव्हा मंडळी, कुणाच्या आजोळी, शेतावर, सरपंचाच्या दारात अशी जुनी महिंद्रा उभी असेल तर एवढं करा. बॉनेटची उंची मोजा, जमिनीपासून नको, पुढच्या बंपरच्या वरच्या कडेपासून. इंचात चालेल. गाडी कोणत्या सालची ते आरसी बुकात बघून लिहा, मालकाला विचारून नको. आणि बॉनेट उघडता आलं तर बॅटरीचा फोटो काढा, झाकणं मोजता येतील असा.