वही मिटा आणि आठवा
आज रत्नागिरीत पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की वर्गात बोललेलं ऐकूच येईना. अकरावीच्या मानसशास्त्राच्या तासाला 'स्मृती' शिकवायला याहून चांगली वेळ नाही! वह्या मिटायच्या, मागच्या तासाचं जे आठवेल ते पाठकोऱ्या कागदावर 5 मिनिटं लिहायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं, चुकलेलं लाल पेनाने भरायचं. हा दुसरा भाग घाईत गाळला, तर चुकलेलं तसंच डोक्यात बसायचा धोका. गुण अजिबात द्यायचे नाहीत. गुण आले की मुलं शेजारच्याच्या कागदात डोकावतात.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी आठवून लिहिला. 5 मिनिटांनी पुन्हा वाचणारेच पुढे होते, आठवलेला भाग 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने पारडं फिरलं: आठवून लिहिणारे 56, पुन्हा वाचणारे 42. मुलं फसतात ती इथेच. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असं वाटतं.

आज एका कागदावर 'अल्पकालीन स्मृती' एवढे दोनच शब्द, खाली निळी रेघ. लाल पेनाने मात्र अख्खं पान भरलं. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न, पुन्हा कोऱ्या कागदावर.